चाळीस अंगठे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ असते. मुंबईच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. पुढे पेणच्या एका वकिलांकडे मी वीस वर्षे कुळांचे दावे आणि भावाभावांच्या वाटण्या छापल्या. भांडणे त्यांची, बडवला जायचो मी. वकिलांनी काम थांबवले तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या पद्मजाबाई मला आपल्या संस्थेसाठी घेऊन गेल्या.

संस्था म्हणजे काय, तर बाई, एक कपाट आणि मी. सत्त्याण्णव साली बाईंनी लोकशाही आणि मानवी हक्कांच्या कामासाठी मुंबईच्या एका न्यासाकडे निधीसाठी प्रस्ताव पाठवायचे ठरवले. पेणच्या पुढे खांब गाव आणि आसपासच्या बायकांनी ग्रामसभेत जाऊन बसावे, बोलावे, एवढीच त्यांची इच्छा. मी सात पाने छापली. 'सबलीकरण', 'सहभाग' असे जड शब्द छापताना मला भारी ऐट वाटे. सोबत बायकांचे संमतीपत्र हवे होते. बाईंनी ते घरोघर फिरवले आणि चाळीस अंगठे गोळा झाले.

मुदतीला एकच दिवस उरला होता; दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाकीट टपालात पडले नाही, तर वर्ष फुकट जाणार होते. त्या सकाळी खांबची हौसा लेकीकडे पेणला आली होती, ती बाईंकडे डोकावली. बाईंनी कौतुकाने तिला सगळा प्रस्ताव वाचून दाखवला.

"ताई, ग्रामसभेची वही पण अशीच घरी येते," हौसा शांतपणे म्हणाली. "शिपाई अंगठा घेतो न् जातो. सभा कदी झाली, आमाला ठावं नाय. तुमी पण तसाच घेतलात की."

बाईंचा चेहरा पडला. माझीही ऐट उतरली, खोटे कशाला बोलू? बाईंनी संमतीपत्र फाडले, मला पेटीत घातले आणि हौसाबरोबर खांबची एसटी धरली.

दुपारी शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या. "काय लिहू?" बाईंनी विचारले. मग बायजा म्हणाली, "सभा सकाळची ठेवतात. तवा आमी शेतावर. आमी आल्यावर ठेवा, ह्येच लिवा." मग एकेकीला कंठ फुटला. त्या बोलत होत्या, बाईंची बोटे पळत होती. सात पानांची तीन झाली. प्रत्येक पान हौसाने मोठ्याने वाचायला लावले आणि मगच अंगठे उमटले. या वेळी सव्वीसच होते. दुसऱ्या दिवशी पाकीट वेळेत गेले, आणि दोन महिन्यांनी मंजुरी आली.

पुढच्या ग्रामसभेला या सगळ्या जणी शेतकाम बाजूला ठेवून हजर होत्या. शिपायाने वही पुढे केली, तेव्हा हौसाने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "आदी वाच."

बाईंनी हे घरी येऊन मला सांगितले. होय, मलाच, संस्थेत दुसरे होतेच कोण?

आता टेबलावर संगणक आहे आणि मी कपाटावर. माझी फीत सुकली, कळा गंजल्या. मुलांनो, जमल्यास माझ्यावरची धूळ पुसा. नाही जमले तरी रुसणार नाही. पण दुसऱ्याच्या नावाने कागद लिहाल, तेव्हा आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. जन्मभर मी हजारो पाने छापली. त्यांतली ती तीनच मला माझी वाटतात, आणि त्यांतला एकही शब्द माझा नव्हता.