कोणाची हरकत?

पिपरी मेघेतल्या गुरुकृपा ले-आउटमध्ये पहिलं घर बांधलं ते बंडोपंतांनी. तेव्हा तिथे नुसत्या चुन्याच्या रेघा होत्या आणि रेघांच्या मधे तुरीची धसकटं. नालीसाठी, रस्त्यासाठी, खांबावरच्या दिव्यासाठी बंडोपंतांनी अर्ज लिहिले, खेटे घातले, साहेबांच्या दारात ठाण मांडलं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यानं कोणत्या दारात किती वेळ बसलं की ते उघडतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे आणखी चार घरं उठली, तेव्हा त्या चौघांनी एका संध्याकाळी बंडोपंतांच्या अंगणात उभ्या-उभ्या नागरिक समिती काढली आणि त्यांना अध्यक्ष केलं. त्या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. घरं साठावर गेली, बंडोपंत रिटायर झाले, अध्यक्षपद मात्र रिटायर झालं नाही.

निवडणूक होत नव्हती असं नाही. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की घराघरातला कर्ता पुरुष बंडोपंतांच्या हॉलमध्ये जमायचा. नाल्या, कुत्रे, कचरागाडी यांवर बोलणं व्हायचं आणि मग आतून लीलाबाईंचे तर्री-पोहे यायचे. तर्री अशी झणझणीत, की पहिल्याच घासाला कानशिलं तापायची. सगळ्यांची तोंडं भरलेली आणि नाकं गळायला लागलेली पाहून बंडोपंत उभे राहायचे.

"पुढच्या वर्षीही अध्यक्ष मीच राहावं, अशी सूचना आलेली आहे. कोणाची हरकत?"

सूचना कोणाकडून आली, हे विचारायला तोंड रिकामं हवं ना. दोन क्षण हॉलमध्ये नुसतं हुसहुस ऐकू यायचं.

"सर्वानुमते," असं म्हणून बंडोपंत बसायचे आणि मगच स्वतःची प्लेट उचलायचे.

हे असंच चाललं असतं. पण एका वर्षी पंचवीस तारखेच्या संध्याकाळी लीलाबाई म्हणाल्या, "यंदा मी पोहे करत नाई."

"काऊन?" बंडोपंत दचकले.

"दरवर्षी गंजभर पोहे करते मी, अन् बाहेर काय ठरलं ते मले दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून समजते. मी बी बसणार मीटिंगीत."

"तू बसून काय करशील तिथं?"

"तुम्ही काय करता? बसताच न."

बंडोपंतांनी मनात हिशेब केला. बायको कोपऱ्यात बसली तर काय बिघडतं? पोह्यांशिवाय मात्र बरंच काही बिघडलं असतं. "बस. पण बोलायचं नाही," ते म्हणाले.

लीलाबाई मीटिंगमध्ये खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. त्या जे काही बोलल्या ते आदल्या संध्याकाळी बोलल्या होत्या, शेजारणींशी, कुंपणावरून. सकाळी झेंडावंदन झालं आणि आधी बायकाच हॉलमध्ये शिरल्या. सोफे भरले, सतरंज्या भरल्या. पुरुष मंडळी व्हरांड्यात उभी राहिली आणि खिडकीच्या गजांतून पोह्यांच्या प्लेटा घेऊ लागली. ते काही बरं दिसेना. म्हणून पुढच्या वर्षीपासून सभा हनुमान मंदिराच्या टिनाच्या शेडमध्ये घ्यावी, असं ठरलं. बंडोपंतांनीही मान हलवली. शेड ऐसपैस होती, पंखेही होते.

मंदिरात कांदा-लसणाची तर्री चालत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. प्रसादाची बुंदी वाटली गेली. चिमूटभर बुंदी, ती जिभेवर किती टिकणार?

"कोणाची हरकत?" सवयीनं बंडोपंतांनी विचारलं.

"हाय न, पंत."

बंडोपंत "सर्वा" एवढं म्हणून थांबले. बोलले होते रूपराव. रूपराव मूळचे वडनेरचे शेतकरी. पोरांच्या कॉलेजपायी ले-आउटमध्ये दुमजली घर बांधून राहिलेले. शेती अजून स्वतः पाहायचे आणि मिशी तर त्याहून बारकाईनं.

"तुमच्याबद्दल नाई म्हणून राह्यलो मी," रूपराव म्हणाले. "माह्या वरच्या माळ्यावर नागसेन मास्तर भाड्यानं राह्यते. सफाईची वर्गणी मी देतो, तोही देते. मंग भाडेकऱ्याले मत काऊन नाई?"

नागसेन मास्तर मागे बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला काढला.

बंडोपंतांनी पुन्हा हिशेब केला. ले-आउटमधले भाडेकरू रस्त्यात भेटले की त्यांना वाकून नमस्कार करायचे. घरमालकांतले बरेचसे नुसती मान हलवायचे. "रास्त आहे," ते उदार होऊन म्हणाले. "भाडेकऱ्यांना मत द्यावं."

एवढ्यात मोहिनी उभी राहिली. शेवटच्या गल्लीत राहणारी, दवाखान्यात नर्स. बहुतेक वेळा ती स्कूटीवरून घाईत जातानाच दिसायची.

"काका, घराचं एक मत म्हणजे नेमकं कोणाचं? मी ड्यूटीवर असले की आमचं मत हे देतात. घरी आल्यावर विचारलं की कशावर दिलं, तर ह्यांना आठवत नाही."

शेड हसली. मोहिनीचा नवरा पंख्याकडे बघू लागला.

"माणशी एक मत ठेवू या ना," मोहिनी म्हणाली. "अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं."

बंडोपंतांच्या घरात आपण, लीलाबाई, मुलगा साकेत, सून नमिता. म्हणजे एकाची चार झाली. त्यांनी तेही मान्य केलं. त्या दिवशी ते घरी आले ते छाती काढून. एका सकाळी त्यांनी किती मनाचा मोठेपणा दाखवला, ते लीलाबाईंना दोनदा सांगितलं. लीलाबाई म्हणाल्या, "हो न, मी होते तिथं."

पुढच्या खेपेला मात्र रूपरावांनी डिसेंबरातच जाहीर केलं, की यंदा आपण उभे राहणार. बंडोपंतांची झोप उडाली. हात वर करून मतदान झालं तर त्या मिशीसमोर कोण हिंमत करणार? लोकांच्या मनात आपणच आहोत, फक्त ते मन त्यांना मोकळं करता आलं पाहिजे, असं बंडोपंतांना मनापासून वाटत होतं. म्हणून सव्वीस जानेवारीच्या सभेत गुप्त मतदानाची सूचना त्यांनी स्वतः मांडली.

"भिडेपोटी कोणी हात वर करू नये," ते म्हणाले. "लोकशाहीत भीड नको."

टाळ्या अशा वाजल्या की बंडोपंत थोडे चमकले. एवढ्या टाळ्या त्यांना रस्ता आणला तेव्हाही पडल्या नव्हत्या.

आणि रूपराव उठून म्हणाले, "गुप्त असंन तर मी नाई उभा राहत बाप्पा. मले पडाची हौस नाई. माह्या जागी ही मोहिनी उभी राहते."

कुकरच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून पेटी केली. मंदिराच्या मागच्या खोलीत, जिथे मंडपाचे बांबू आणि फाटके पडदे पडलेले असतात, तिथे एकेकानं जाऊन चिठ्ठीवर नाव लिहायचं. बंडोपंतांनी स्वतःचं नाव ठळक आणि वळणदार लिहिलं. मोजणीला नागसेन मास्तरांना बसवलं. ते प्रत्येक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचत होते. "पंत. मोहिनी. मोहिनी. पंत." एका चिठ्ठीपाशी अडखळले आणि मग जसं होतं तसं वाचलं: "पंत चांगले आहेत, पण मोहिनी."

बंडोपंत पाच मतांनी पडले.

दुपारी जेवताना त्यांनी वरणाला हात लावला नाही. साकेतकडे पाहिलं, साकेत भाकरीकडे पाहत होता. नमिताकडे पाहिलं, ती ताक आणायला उठली. शेवटी त्यांनी लीलाबाईंना विचारलं, "तू कोणाला दिलंस?"

"गुप्त होतं न ते?" लीलाबाई म्हणाल्या. "तुम्हीच केलं."

आठवडाभर ते मागच्या गल्लीनं भाजी आणायला गेले. ओल्या कुंड्यांना पाणी घातलं. पडल्याचं दुःख होतंच, पण दुसरंच काही त्याहून खुपत होतं. एका रात्री ते अंधारातच म्हणाले, "मग इतकी वर्षं सर्वानुमते व्हायचं, ते काय होतं?"

लीलाबाई जाग्याच होत्या. "अर्धे पोहे होते," त्या म्हणाल्या. "अन् अर्धं खरं होतं. रस्ता कोणी आणला ते कोणी विसरलं नाई. चिठ्ठीवर कोणीतरी लिहिलंच न, चांगले आहेत म्हणून."

"कोणी लिहिलं असेल?"

"झोपा आता."

एप्रिलमध्ये मोहिनीनं सभा बोलावली. येणार नाही, येणार नाही, म्हणत बंडोपंत मागच्या सतरंजीवर येऊन बसले. मोहिनीला ड्यूटीवर जायचं होतं, त्यामुळे ती भराभरा बोलत होती. मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत व्यायामाची यंत्रं बसवायची, पार कोपऱ्यापर्यंत. "कोणाची हरकत नसेल, तर..."

बंडोपंतांचा हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो हरकतीच्या बाजूनं वर गेला होता.

"माझी आहे," ते उभे राहिले. "मे महिन्यात पाण्याचा टँकर येतो. कोपरा अडवला तर तो वळणार कुठून?"

शेडमध्ये कुजबुज झाली. मोहिनीनं क्षणभर डोळे मिटून जागा आठवून पाहिली. "खरं आहे, काका. यंत्रं अलीकडे घेऊ. आणि यापुढे हरकती आधी ऐकू, ठराव नंतर."

बंडोपंत खाली बसले तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते, तर्री न खाताच. बाजूच्या रूपरावांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पंत, तुमी त् इकडूनच जोरात दिसता."

त्यानंतर बंडोपंतांनी एकही सभा चुकवली नाही. कुत्र्यांच्या नसबंदीचं काय झालं, कचरागाडी दुसऱ्या गल्लीत आधी का वळते, खांबावरचा दिवा भरदुपारी कोणासाठी जळतो. मोहिनी त्यांना पाहून आधी कपाळावर हात मारायची आणि मग उत्तर द्यायची. संध्याकाळी फाटकापाशी रूपराव आणि बंडोपंत पुढच्या प्रश्नांची जुळवाजुळव करताना दिसू लागले. लीलाबाई दोघांना चहा नेऊन द्यायच्या आणि आपलाही एखादा प्रश्न त्यात सोडून यायच्या.

वर्षअखेरीला मोहिनीनं नवा नियम मांडला. एका माणसानं सलग दोन वर्षांपेक्षा जास्त अध्यक्ष राहू नये.

"माझी हरकत आहे," बंडोपंत ताडकन उभे राहिले. "दोन वर्षं फार होतात. खुर्चीची सवय लागते माणसाला. एकच वर्ष ठेवा."

आधी रूपराव हसले, मग नागसेन मास्तर, मग बायकांची रांगच्या रांग. मोहिनीनं पदर तोंडाला लावला. बंडोपंत इकडे-तिकडे पाहत उभे होते. एवढ्या गंभीर मुद्द्यावर लोकांना काय झालं, हे त्यांना कळेना. मग कळलं. तरी त्यांनी सूचना मागे घेतली नाही. हसू थोडं ओसरू दिलं आणि म्हणाले, "हसून झालं असेल तर मतदान घ्या."