मी हुकावर असताना चढलेले तीन थर

मित्रांनो, मी एक जुनी चिपिंग हातोडी आहे. रॉडने वेल्डिंग केलं की त्यावर काळी, काचेसारखी खपली धरते. ती ठोकून काढणं हा माझा खानदानी व्यवसाय. खानदानात मी एकटीच आहे, ही गोष्ट वेगळी.

श्रीगोंद्यात शमशेरभाईंच्या वर्कशॉपमध्ये कल्याण मिस्तरींनी मला ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून घडवलं. एकीकडे धार, दुसरीकडे टोक. उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात आमची वीस वर्षं गेली. दोन पाट्या काटकोनात धरायच्या, कोपऱ्यात रॉड दोन्हींकडे सारखाच झुकवायचा, ठिणगी आखूड ठेवायची आणि एका चालीनं ओढत न्यायचं. एक थर झाला की मिस्तरी न बघता हात मागे करायचे आणि मी हातात असायचे. एवढं जमणारी नवरा-बायकोही मी फारशी पाहिली नाहीत.

मग गॅसवालं मशीन आलं. त्याची तार आपोआप पुढे सरकते आणि खपली म्हणे पडतच नाही! दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. मला त्या हारातली एक पाकळी, तीही वाऱ्यानं आणून दिलेली.

मशीन चालवायची शमशेरभाईंची मुलगी तमन्ना, आयटीआय शिकून आलेली. एकदा ती हसत म्हणाली, "मामा, माझे दोन जोड झाले. तुमचा रॉड अजून तापतोयच व्हय?"

मिस्तरींना ते लागलं. मला तर फार लागलं.

"दोन ट्रॉल्यांच्या दांड्या बाकी हायत," मिस्तरी म्हणाले. "एक तू घे, एक मी. बघू कोन आधी उठतंय."

दांडी म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात ती. कोपऱ्यात तीन थर लागतात. पहिला झाला; हात मागे आला नाही. दुसरा झाला, मी हुकावरच. तिसऱ्याची खपली तेवढी माझ्याकडून उडवून घेतली आणि मिस्तरी उठले. तमन्ना अजून वाकलेलीच होती.

आतल्या दोन खपल्या आतच गाडल्या गेल्या होत्या; असा जोड ओझ्याखाली तुटतो. मला बोलता येत नाही. पण त्या दिवशी आलं असतं, तरी मी बोलले नसते. मशीन हरलं होतं ना!

सकाळी ऊसतोड टोळीचा मुकादम छगन ट्रॉली न्यायला आला. "मिस्तरी, दांडी पक्की हाय ना? समदी टोळी हिच्यातच बसून जानार हाय, लेकराबाळांसकट."

मिस्तरी दांडीपाशी वाकले. मग न बघताच त्यांचा हात मागे आला. जोडाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. त्यात त्यांनी माझं टोक खुपसलं. चहापत्तीसारखा काळा चुरा खाली पडला.

"छगनराव, उद्या या."

छगन गेल्यावर तमन्ना हळूच म्हणाली, "पन मामा, जिंकला तर तुमीच हुता."

"मी जिंकलो गं. दांडी हारली. ग्राइंडर आन."

जोड कापून काढला आणि पुन्हा तीन थर चढले. प्रत्येक थरानंतर हात मागे आला. दोनदा मिस्तरींचा, तिसऱ्यांदा तमन्नाचा. तिचा हात हलका आहे. कौतुक करायची माझी इच्छा नव्हती.

मित्रांनो, वरचा थर चढवण्याआधी खालचा ठोकून साफ करा. मी दांडीचं सांगतेय. मनाचं तुमचं तुम्ही बघा. आणि काम झालं की मला तेलाचं बोट पुसून हुकावर ठेवत जा. त्या मशीनला नाही पुसलं, तरी चालेल.