आठ नंबरचे बाबा

"बूट विकणाऱ्या माणसाचेच पाय का दुखतात?"

हा प्रश्न मी शनिवारी संध्याकाळी भर दुकानात विचारला. बाकं गिऱ्हाइकांनी भरलेली होती आणि ज्यांना विचारला ते माझेच बाबा होते. पैज माझ्या दोन मैत्रिणींची. एकीला आम्ही वकील म्हणतो, दुसरीला टाचणी. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि तेव्हापासून तोंड उघडलं ते मिटायचं नाव घेत नाही. वकिलाचं म्हणणं पडलं की पाठ केलेलं भाषण कोणीही ठोकेल, चार अनोळखी माणसांसमोर नको तो प्रश्न विचारून दाखव. प्रश्न टाचणीने काढून दिला. मी विचारून दाखवला.

गिऱ्हाइकं हसली. बाबाही हसले आणि म्हणाले की दुसऱ्यांचे पाय दुखू नयेत म्हणून आमचे दुखतात. मी पैज जिंकले. फक्त गल्ल्यावर बसलेले मालक हसले नाहीत. ते वाकून बाबांच्या पायांकडे बघत होते. इतके दिवस बाबा कोणी बघत नसेल तेव्हाच लंगडायचे, त्यामुळे त्यांचं लंगडणं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते आता आलं.

दुकान बंद होताना मालकांनी बाबांना बोलावून सांगितलं की पुढच्या सोमवारपासून सेल, खाली धावपळ करणारी माणसं लागतील, तुम्ही माळ्यावर जा आणि खोकी खाली द्या. सेल संपल्यावर काय, हे ते बोलले नाहीत.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, बरंच झालं, वर वारा असतो. त्या माळ्याला खिडकीसुद्धा नाही.

बाबांसाठी माळा म्हणजे काय, हे सांगायला हवं. आत येणाऱ्याचं तोंड बघायच्या आधी बाबा पाय बघतात आणि माप सांगतात. वीस वर्षांत दोनदा चुकले, आणि त्यातल्या एकाच्या पायाला प्लॅस्टर होतं, असं ते अजून बजावतात. माणसं त्यांच्या लक्षात राहतात ती मापावरून. आमचे मुख्याध्यापक म्हणजे 'दहा, पण अरुंद'. अशा माणसाला वर नुसत्या खोक्यांत बसवणं म्हणजे माशाला झाडावर चढवणं. आणि हे कोणी केलं? मी. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. मी बापाच्या पायावर मारला, तोही दुखऱ्या.

हातात नऊ दिवस होते. मी ठरवलं, सोमवारपर्यंत बाबा सरळ चालले पाहिजेत.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना तपासून एक कागद दिला होता. तळव्याच्या कमानीखालची शीर ताणली गेली आहे, विश्रांती घ्या, हे व्यायाम करा. 'विश्रांती' ऐकून बाबांना हसू आलं आणि बाकीचं ऐकायचं राहिलं. तो कागद मला आईच्या बटणांच्या डब्याखाली घडीसकट सापडला. आई घरीच कपडे शिवते, त्यामुळे आमच्या घरात काहीही हरवलं तरी शेवटी बटणांखालीच निघतं.

पहिलं कलम: सकाळी पाय जमिनीवर टेकवायच्या आधी पलंगावर बसूनच बोटं हाताने आपल्याकडे ओढायची, दहादा. बाबा विसरायचे, धाडकन उतरायचे आणि 'स्स' करायचे. दुसऱ्या दिवशी मी पलंगाला खुर्ची आडवी लावली. दहा मोजल्याशिवाय खुर्ची हलणार नाही. बाबांना घाई होती. त्यांनी सात मोजून दहा सांगितले. मी पुन्हा एकपासून सुरू केलं.

दुसरं: भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. हे खिडकीतून समोरच्या काकूंना दिसलं. त्यांनी आईला हळूच विचारलं, तुमची भिंत कलली आहे का, की भाऊजी रोज सकाळी टेकू देतात?

तिसरं: बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. बाबा बातम्या बघत फिरवत होते. बातमी रंगात आली तशी बाटली निसटली, लादीवरून घरंगळत गेली आणि मशीन चालवणाऱ्या आईच्या अनवाणी पायाला जाऊन भिडली. आई जी उडाली, त्यात कोणाच्या तरी ब्लाउजची बाही गळ्याला शिवली गेली. त्या दिवसापासून बाटलीला मोजा घातला.

चौथं होतं जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करणं. यात मात्र बाबा इतके तरबेज झाले की पडलेला रुमाल वाकून उचलणं त्यांनी सोडूनच दिलं. आईला ते अजिबात आवडलं नाही.

रोज रात्री झोपताना बाबा म्हणायचे, आज हलकं वाटतंय. रोज संध्याकाळी दुकानातून यायचे ते पुन्हा लंगडत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा प्रत्येक वळणावर थांबतात, ते मला घरात बसून ऐकू येतं. रात्री मी जे उभं करायचे ते दिवसा दुकान आडवं करायचं. बुधवारी मी वकिलाला म्हटलं, काहीतरी निसटतंय. तिने सल्ला दिला, साक्षीदार तपास. साक्षीदार कुठला, ते तिलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी आई बाबांच्या पँटची कंबर उसवत बसली होती. मी शेजारी टाचण्या धरून. दर दोन वर्षांनी आई आतला दाब, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, सोडून कंबर वाढवते आणि बाबा दर वेळी म्हणतात की कापड आटलं. या वेळीही म्हणाले. आई दोऱ्याचं टोक दातांत धरून पुटपुटली की कापड नाही आटत, माणूस पसरतो.

मी बाबांच्या पायांकडे बघितलं. "बाबा, कंबर पसरते, तर पाऊल पसरत नसेल?"

बाबांना फारच गंमत वाटली. विसाव्या वर्षी पाऊल थांबतं, म्हणाले. त्यांचं माप आठ. कॉलेजात आठ, लग्नात आठ, आजही आठ.

"शेवटचं कधी घेतलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि बोटं संपली.

आमच्या कपाटात माप घ्यायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. एका टोकाला टाच टेकवायची, समोरून सरकती फळी अंगठ्याला लावायची. दर वर्षी शाळेच्या बुटांसाठी बाबा माझं माप तिच्यावरच घेतात. या वेळी ते उभे राहिले आणि मी खाली बसले. गंमत म्हणजे हे आधी कधी घडलंच नव्हतं. स्वतःचं माप स्वतःला धड घेता येत नाही, वाकलं की पाऊल सरकतं. आणि बाबांच्या पायाशी बसणार कोण? ते नेहमी दुसऱ्यांच्या पायाशी.

नऊ. डावा नऊच्या किंचित पुढे.

बाबा म्हणाले, टाच नीट टेकली नसेल. पुन्हा घेतलं. नऊ. मग आईने घेतलं, जिच्या मापात सूतभर फरक पडत नाही. नऊ. मग बाबा म्हणाले की दमट हवेने लाकूड फुगलंय. आईने चप्पल काढली आणि स्वतः पट्टीवर उभी राहिली. साडेपाच, मागच्या वर्षीइतकंच. लाकूड प्रामाणिक होतं.

बाबा खुर्चीवर बसले. जेवणं झाली. हात धुताना म्हणाले, "मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो, दर वेळी माप घ्या. रोज सांगतो."

बूट घ्यायचे, पण आपल्या दुकानातून नाही, अशी अट त्यांनी घातली. बरोबरच्या लोकांसमोर नऊ मागायचे कसे? शुक्रवारी आम्ही बाबांचं दुकान उघडायच्या आधी दोन रस्ते पलीकडच्या दुकानात गेलो. बाबांनी टोपी घातली होती, जणू बँक लुटायची आहे. तिथे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. आम्ही दारातच होतो. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "नऊ. रुंद. आणि बऱ्याच वर्षांपासून."

बाबांनी टोपी काढली. मग त्या दोघांची अर्धा तास अशी चर्चा चालली जशी दोन डॉक्टरांची चालते. कमानीला आधार हवा, टाच आत घट्ट बसायला हवी, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मी बाकावर बसून राहिले. निघताना बाबा म्हणाले, बाईंची नजर चांगली आहे. याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी. पट्टी हातात आली की सोडवत नाही, म्हणून मी आमच्या जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची पावलं मोजून काढली. चाळिशी ओलांडलेली अकरा माणसं, त्यातली सात चुकीच्या मापात. भिंतीची चौकशी करणाऱ्या काकू पाच घालतात, निघाल्या सहा. त्या म्हणाल्या की आपल्याला वाटायचं टाचा दुखणं हे वयच असतं.

त्याच संध्याकाळी मी कान देऊन बसले. पहिलं वळण, बाबा थांबले नाहीत. दुसरं, थांबले. मग थेट दार. अजून पूर्ण बरं नाही, कागदावरच लिहिलंय की काही आठवडे लागतात, आणि खुर्ची रोज आडवी लागणारच. पण चेहऱ्यावर 'स्स' नव्हतं.

म्हणून रविवारी संध्याकाळी मी निश्चिंत होते. बाबा नव्या बुटांना ब्रश मारत होते. मारता मारता म्हणाले की उद्या माळ्यावर जायला जुना शर्ट चालेल.

आईचं मशीन थांबलं. आता चालता येतंय तर वर कशाला, तिने विचारलं.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. मालक विचारणारच की पाय अचानक बरे कसे झाले. मग काय सांगू? वीस वर्षं लोकांची मापं सांगणाऱ्याला स्वतःचं माहीत नव्हतं? मालक हसतील, सगळं दुकान हसेल. "त्यापेक्षा माळा बरा," ते म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. एरवी ती मला गप्प बसवायला बघते. आज तसं बघत नव्हती.

मी उठले. कपाटातून पट्टी काढली आणि माझ्या दप्तरात घातली. ती बाहेर डोकावत होती, चालेल.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "प्रश्न मी विचारला होता, उत्तरही मीच देणार. उद्या शाळेआधी मी तुमच्याबरोबर दुकानात येतेय. मालकांना सांगणार की आमच्या जिन्यात अकरातली सात माणसं चुकीच्या बुटांत फिरतात, मग अख्ख्या गावात किती असतील, आणि त्यांना ते उभ्या उभ्या सांगू शकेल असा माणूस तुम्ही सेलच्या दिवशी माळ्यावर पाठवताय. त्यांना पटलं नाही, तर त्यांना बूट काढायला लावणार. पहिलं माप मालकांचंच. आणि बाबा, तुम्ही जुना शर्ट घालायचा नाही."