कुलूप असलेली घरं

दाराच्या चौकटीवर खडूची तीन वर्तुळं होती. खालचं पुसट, मधलं ठसठशीत, वरचं जरा अंडाकृती; काढताना हात घाईत असावा. बाईंनी बोट फिरवलं, पांढरी पूड लागली. आई गेल्यापासून या दाराशी कोणी आल्याची एवढीच काय ती खूण.

रविवारी भाजी आणताना कोपऱ्यावर आरोग्य केंद्राची सिस्टर भेटली. गावात बाईंची आपुलकीने विचारपूस करणारी तेवढी एकच.

"ताई, तुम्ही तर मुक्कामच हलवलात की! आमच्या लेखी तुम्ही इथे राहतच नाही."

थट्टेमागची गोष्ट तिनेच सांगितली. रक्तदाबाच्या रुग्णांकडे ती दुपारी जाई. दार उघडलं नाही की एक वर्तुळ. तीन झाली की माणूस 'स्थलांतरित', यादीतून नाव कमी. बाईंच्याही रक्तदाबाच्या गोळ्या कधीच्याच संपल्या होत्या. दुपारी त्या आरोग्य कचेरीत असत, याच रुग्णांची टक्केवारी काढत.

रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण वर्षभरात निम्म्यावरून पाऊणवर गेलं होतं. साहेब खूश होते. बाईंच्या मात्र ते गळी उतरत नव्हतं. महिनाभर त्या काही ना काही सबब काढून अहवालावर सही टाळत होत्या.

"आकडा छान आलाय ना?" सिस्टरने विचारलं. "मग मला कामाला जोडीदारीण मिळणार म्हणतात. पायांचे तुकडे पडलेत हो."

 घरी येताना बाई प्रत्येक चौकट बघत गेल्या. वरच्या आजोबांना थाप ऐकूच येत नसे. पलीकडचा रात्रपाळीचा चौकीदार दुपारी ढाराढूर झोपलेला असे. दोन्ही दारांवर तीन-तीन वर्तुळं. रक्तदाब उतरला नव्हता. गोळ्या न पोचलेली माणसंच यादीतून उतरवली होती. आणि हे बोललं, तर सिस्टरची जोडीदारीण हातची जाणार, कदाचित सिस्टरही दुरावणार. त्या संध्याकाळी बाईंनी दिवा लावला नाही.

सोमवारी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. "काय बाई, अजून मुहूर्तच बघताय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही, साहेब. ही माणसं कुठे गेलेली नाहीत. त्यांना धरून पुन्हा मोजायचं. त्यांत मीही आहे."