पलीकडच्या सर्व्हरचा ठसा

सोमवारी सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेतून येणारे रिपोर्ट अचानक थांबले. दवाखान्याचा निरोपांचा सर्व्हर ज्या सांभाळत, त्यांना सगळे सर्व्हरबाईच म्हणत. त्यांनी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडून पाहिला. त्यांच्याच सर्व्हरनं प्रयोगशाळेच्या सर्व्हरला दारातून परत पाठवलं होतं.

दोन्हीकडचे सर्व्हर वेगळे. एकमेकांशी बोलण्याआधी ते समोरच्याच्या सर्टिफिकेटचा, म्हणजे त्याच्या ओळखपत्राचा, ठसा बघत. ठसा म्हणजे चौसष्ट अंक-अक्षरांची एक ओळ. बाईंनी सेटिंगमध्ये लिहून ठेवलेल्या ओळीशी ती जुळली नाही, तर कडी निघत नसे. आज जुळली नव्हती.

दहा मिनिटांत मेल आला. ‘आमचं सर्टिफिकेट बदललंय. नवा ठसा खाली दिलाय. तेवढा टाका, काम अडलंय.’ खाली नाव दिराचं. पलीकडचा सर्व्हर बाईंचा धाकटा दीरच बघायचा.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. सर्टिफिकेट बदलायचं असलं की भाऊजी आठवडाभर आधी कळवत. आणि ‘वहिनी’ असं न लिहिता त्यांनी आजवर एक ओळ पाठवली नव्हती. घरात वर्षभर अबोला होता तेव्हासुद्धा नाही.

मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. “बाई, एक ओळ बदलायला सकाळ घालवणार का?”

“ओळ कुणाची आहे ते कळू दे आधी. तोवर तातडीचे रिपोर्ट फोनवर घ्या.”

“अहो, तुमच्या घरातलाच माणूस आहे तो!”

“म्हणूनच कुणीही त्याचं नाव वापरेल,” बाई म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर संशय त्या ‘कुणीही’वर नव्हता, भाऊजींवरच होता. मागच्या महिन्यात ते कुणालातरी म्हणाले होते, नोकरी सोडायची तर हात भरून सोडावी. ते वाक्य तेव्हापासून बाईंच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

त्यांनी मेलमधल्या नंबरावर नाही, स्वतःच्या मोबाइलमधल्या नंबरावर फोन लावला.

“हो, मीच पाठवलाय,” भाऊजी म्हणाले.

“वाचून दाखवा.”

त्यांनी कंटाळलेल्या आवाजात चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं वाचली. एकही चुकलं नाही. “झालं समाधान?”

“कुठून वाचताय?”

“आमच्या व्यवस्थापकांनी दिलेल्या कागदावरून. काल सुट्टीत त्यांनीच बदलून घेतलं म्हणे. मेलचा मजकूरही त्यांचाच, मी नुसता पुढे ढकलला.”

“सर्व्हरसमोर बसून वाचा.”

“वहिनी, माझ्यावर विश्वास नाही असं सरळ म्हणा ना.”

“नाहीये,” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. प्रयोगशाळा वीस मिनिटांच्या चालीवर होती.

रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रीजशेजारी एका अरुंद खोलीत सर्व्हर होता. भाऊजींनी फुरंगटून खुर्ची ओढली, कमांड टाइप केली आणि स्क्रीन बाईंकडे वळवली. “घ्या. खात्री करून घ्या.”

बाईंनी पाहिलं. मग भाऊजींनी पाहिलं. स्क्रीनवर जुनाच ठसा होता. सर्टिफिकेट बदललंच नव्हतं.

“मग हा कागदावरचा कुणाचा?” भाऊजींचा आवाज खाली आला.

सर्व्हरच्या मागून निघालेल्या केबलवर बोट ठेवून बाई तिच्या मागोमाग वर बघत गेल्या. केबल भिंतीत न जाता वरच्या फळीवरच्या एका करड्या पेटीत शिरत होती. पेटीवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. नवा ठसा त्या पेटीचा होता. बाहेर जाणारा-येणारा प्रत्येक निरोप ती आपल्याकडे घेऊन उघडणार होती आणि पुन्हा बंद करून पुढे देणार होती.

व्यवस्थापक आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. “सुरक्षेसाठी आहे. कोण कुणाशी काय बोलतं, ते संस्थेला कळायला नको का?”

“पेशंटांचे रिपोर्टही?” भाऊजींनी विचारलं.

“सगळंच वाचतो असं नाही हो.”

भाऊजींनी फळीवर हात घालून पेटीतून भिंतीत जाणारी केबल उपसली आणि सरळ सर्व्हरला जोडली. व्यवस्थापक ओरडत राहिले. बाईंच्या मोबाइलवर डॉक्टरांचा निरोप आला: ‘रिपोर्ट यायला लागले.’ सेटिंगमधलं एक अक्षरही बाईंनी बदललेलं नव्हतं.

“हा मेल आणखी कुणाला गेलाय?” त्यांनी विचारलं.

“आणखी तीन दवाखान्यांना.” भाऊजींनी मोबाइल काढला. “तिघांनी पाच मिनिटांत ‘टाकला’ म्हणून कळवलं. माझ्या नावावर भरवसा ठेवून.”

त्यांनी तिथूनच तिघांना एकेक करून फोन केले, आपली चूक सांगितली आणि जुना ठसा परत टाकायला लावला. तिसऱ्या फोनवर त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. बाई तिथेच उभ्या होत्या.

बाहेर पडताना भाऊजी म्हणाले, “तुम्हाला खरंच वाटलं, मीच काहीतरी केलंय?”

“वाटलं.”

“तोंडावर सांगितलंत, हे बरं केलंत,” ते म्हणाले. पण रागावलेलेच होते आणि बाईंनीही समजूत काढली नाही.

प्रयोगशाळा ज्यांच्या मालकीची होती त्या डॉक्टरांनी आठवडाभरात पेटी काढून टाकली. पेटीनं त्या सकाळी काही साठवलं नाही, असं व्यवस्थापकांनी लिहून दिलं. तो कागद बाईंनी फाइलला लावला. त्यातल्या एका शब्दावरही त्यांचा विश्वास बसला नाही.