सभागृहाच्या छपराची शिवण

जगातली प्रत्येक वस्तू मुळात एक आणि अखंड आहे, असं ज्ञानी लोक सांगतात. आमच्या ऑफिसात तिचे सहा तुकडे करून सहा जणांना वाटतात, कारण अखंड वस्तू एका कॉम्प्युटरच्या मेमरीत मावत नाही.

काम सांगायला सोपं आहे. पूल असो, टाकी असो, बांधकामाची आम्ही मेश, म्हणजे जाळी विणतो. अख्ख्या आकाराचे कोट्यवधी बारीक तुकडे पाडायचे आणि त्यांच्यावर वजन टाकून कॉम्प्युटरला विचारायचं, हे उभं राहील की पडेल? मोठी जाळी एकदम विणता येत नाही. ज्याने त्याने आपापला भाग विणायचा आणि शेवटी सगळे भाग जोडायचे. जोडकाम करणाऱ्या बाईंना आम्ही शिंपीण म्हणतो, तेही तोंडावर. त्याचा त्यांना राग नाही. राग येतो तो शिवण जुळली नाही की. एका भागाच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू शेजारच्या भागाच्या बिंदूवर नेमका बसायला हवा. नाहीतर कॉम्प्युटरच्या लेखी तो एक पूल नसतो, अबोला धरलेले दोन पूल असतात.

अबोल्याची बाईंना घरूनच सवय होती. त्यांचे वडील इंजिनिअर. त्यांनी एका सभागृहाचा आराखडा काढला आणि ते बांधलं बाईंच्या सख्ख्या मामांनी. एके दुपारी छपराचा एक कोपरा खाली आला. आत शिडीवर एकटा रंगारी होता. तो वाचला, त्याचा पाय वाचला नाही. चौकशी समितीने ‘अनेक कारणांचा एकत्रित परिणाम’ असा निष्कर्ष काढला आणि उरलेली चौकशी नातेवाइकांवर सोडली. बाबा म्हणाले, मेव्हण्याने लोखंड खाल्लं. मामा म्हणाले, आराखडाच लंगडा होता. आईला माहेर आणि सासर यांतलं एक निवड असं कोणी म्हटलं नाही. फक्त माहेरचा फोन यायचा बंद झाला.

आता बाबा थकले होते. “जायच्या आधी एवढं कळलं की सुटलो,” असं ते अधूनमधून म्हणायचे. बाईंनी मनावर घेतलं. माळ्यावर जुने आराखडे होतेच. त्यात दाखवलंय तेवढं लोखंड धरून जाळी विणायची. छप्पर उभं राहिलं, तर लोखंड मामांनी खाल्लं. पडलं, तर चूक बाबांची. पडेल असं बाईंना वाटत नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी हातभार लावला. साहेबांनी डोळेझाक केली. त्याचा त्यांना सराव आहे. खरं तर ऑफिसचा नियम असा, की दोन भाग जिथे कापले तिथली कड आधी ठरवायची, दोघांनी तीच उतरवून घ्यायची आणि मगच आत विणायला लागायचं. पण हे घरचं काम, नियम कोण पाळतो? छप्पर बारीकरावांकडे गेलं. हा गृहस्थ देहाने दोन खुर्च्यांचा, पण जाळी विणतो मुंगी अडकेल अशी. मागची भिंत माझ्याकडे आली. मला ढोबळराव म्हणतात, आणि माझ्या जाळीतून बैल आरामात जातो.

साहजिकच शिवण जुळेना. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत आरडाओरडा सुरू केला. तेव्हा शिंपीणबाईंनी तेच केलं, ज्यासाठी त्या आम्हाला फाडून खातात. जोडण्याचं अंतर वाढवलं. म्हणजे सॉफ्टवेअरला सांगायचं, एवढ्या अंतरातले दोन बिंदू तू एकच समज. आधी केसाएवढं दिलं, मग दाण्याएवढं, शेवटी दोन बोटं. सॉफ्टवेअर गप्प झालं. सगळं जोडलं गेलं. वजन टाकलं.

छप्पर उभं राहिलं.

बाईंनी तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, “आईला सांग.” आई “हो का,” म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दोनतीन दिवसांनी चहाच्या वेळी बारीकराव बाईंच्या टेबलापाशी आले. चेहरा पडलेला.

“बाई, माझ्या छपराचा भार ह्यांच्या भिंतीवर कसा गेला?”

“जाणारच की. टेकलंय ना,” मी म्हणालो.

“टेकलंय कुठे? आराखडा बघा. मध्ये फट आहे.”

होती. उन्हाळ्यात छप्पर फुगतं, त्याला जागा हवी म्हणून बाबांनी छप्पर आणि मागची भिंत यांत एक बोट फट सोडली होती. जोडायचं अंतर दोन बोटं. आम्ही ती फटच शिवून टाकली होती. ज्या भिंतीला ते छप्पर कधी शिवलंच नाही, तिच्या खांद्यावर हात टाकून ते आमच्या पडद्यावर उभं होतं.

“जाऊ दे ना बाई,” मी म्हणालो. “बाबा खूश आहेत. मामांशी तसंही बोलणं नाही. कोण बघायला येतंय?”

“मी बघतेय ना.” माझ्या जाळीकडे बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पुन्हा सगळं विणलं. या वेळी नियमाने, आधी कड ठरवून. मी जन्मात विणली नव्हती इतकी बारीक भिंत विणली. फट उघडी ठेवली. लोखंड आराखड्याप्रमाणे पुरेपूर. कोपरा आला खाली. तोच कोपरा, ज्याच्याखाली रंगाऱ्याची शिडी होती.

घरी सांगायला एकटीला धीर होईना, म्हणून बाई मला घेऊन गेल्या. भिंत माझी होती. बाबा खिडकीशी बसले होते. बाईंनी सरळ सांगून टाकलं.

“फट किती धरलीस?”

“एक बोट.”

“हं. तेवढीच काढली होती मी.” ते मुलीकडे वळले. “भिंतीला टेकलं तर राहतं?”

“राहतं.”

“आणि नाही टेकलं तर?”

दारातून आई म्हणाली, “माझा भाऊ चोर नाही, हे कळायला सहा माणसं आणि एवढाली मशिनं लागली का? मला विचारायचं होतंत!”

बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर आडवं पडलं होतं, तिकडे ते बघत राहिले. मग मला म्हणाले, “भिंत तुम्ही केलीत?”

“हो.”

“चांगली केलीत.”

माझ्या जाळीचं आजवर झालेलं हे एवढंच कौतुक, आणि ते ऐकताना कुठे बघावं ते मला कळेना.

“त्याच्याकडे जा,” बाबा मुलीला म्हणाले. “माझ्याच्याने यायचं होणार नाही. चूक माझी होती, एवढं सांग. उगाच गुळमुळीत करू नकोस.”

गाडी माझी. आई मागे बसली आणि भावाच्या घराची वळणं सांगत राहिली. निम्मी चुकली, कारण मधल्या काळात रस्ते बदलले होते. मामांनी दार उघडलं, बहिणीला बघितलं आणि बाजूला झाले. आत सगळे बसल्यावर बाईंनी त्यांना फट सांगितली, बोट सांगितलं, बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आईने भावाचा हात धरला होता.

मामांनी दुसऱ्या हाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“तो म्हणाला असं? स्वतःहून?”

“हो, मामा.”

“माझ्यावर ठेवलेला आळ त्याने मागे घेतला?”

“घेतला.”

मामांनी बहिणीकडे बघितलं.

“त्याची चूक असेलही,” ते म्हणाले. “पण लोखंड मी कमी घातलं होतं.”