तेजोळाचा पितळी चेहरा

मी तेजोळ देवाचा पितळी चेहरा बोलतोय. हा देव कुठल्या पुराणात शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. घनसावंगीच्या तृप्ती मॅडमनी गणपतीतल्या नाटकासाठी तो एका दुपारी वहीत रचला.

तीर्थपुरीच्या गयासोद्दीनभाईंनी मला ठोकून घडवलं. त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, हा देव दिसतो कसा?"

"तुम्हाला वाटेल तसा करा भाई. मीच बनवलाय त्याला."

दोघं खूप हसली आणि भाईंनी मला सूर्यासारखी किरणं काढली. माझी लायकी मला तेव्हापासून ठाऊक आहे.

नाटकात तेजोळाचा पुजारी सांगतो की, पापणी न हलवता देवाच्या डोळ्यांत बघेल त्याला ज्ञान होतं, गेलेली माणसंसुद्धा दिसतात. राजा भुलतो, बघत बसतो आणि शेवटच्या अंकात आंधळा होतो. पुजाऱ्याचं काम काकासाहेब नावाच्या गृहस्थानं केलं. पडदा पडल्यावर दोन म्हाताऱ्या खरंच त्याच्या पाया पडल्या. तो पाय मागे घ्यायला विसरला, तो विसरलाच.

आठवण म्हणून त्यानं मला मॅडमकडून मागून नेलं. चार महिन्यांत वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडवर पाटी लागली : तेजोळ दरबार. समोरच्या अंगणात दुपारचं ऊन थेट तोंडावर येईल असं मला टांगलं. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून रोज चिंचेनं घासायचे. शेवटचा अंक मात्र त्यानं गाळून टाकला.

काय एकेक माणसं यायची! एकाला बदलीसाठी ज्ञान हवं होतं. एक मोटारसायकलवाला हेल्मेट न काढता ध्यानाला बसायचा. सगळे हात जोडायचे, हळूच पापण्या मिटून घ्यायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे, 'प्रकाश दिसला.' खोट्या देवाला भक्तही खोटेच मिळाले होते.

खरी निघाली ती एकटी द्वारकाबाई. तिचा नवरा रामप्रसाद मागच्या साली अचानक गेला, तेव्हा ती माहेरी होती. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. ती रोज यायची आणि खरंच पापणी हलवायची नाही. डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी नाही.

पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, मधोमध काळा ठिपका दिसून राह्यलाय."

"तोच दरवाजा हाय, माय," काकासाहेब म्हणाला. "उघडत आलाय. नजर हलवू नको."

मला नुसतंच तोंड आहे. थुंकता आलं असतं तर त्याच वेळी थुंकलो असतो.

तेवढ्यात समोर चहाला थांबलेल्या गयासोद्दीनभाईंनी मला ओळखलं. द्वारकाबाई दिसली, लाल झालेले तिचे डोळेही दिसले. त्यांनी तिथूनच फोन लावला. "मॅडम, तुमच्या नाटकातला सूर्य हितं खरा होऊन बसलाय. जल्दी या."

दुसऱ्या दिवशी तृप्ती मॅडम वही घेऊन आल्या. भर दरबारात उभं राहून त्यांनी शेवटचा अंक वाचला. "हे मी लिहिलंय," त्या ओरडल्या. "असा देव नाहीच!"

काकासाहेबानं डोळे मिटून हसू आणलं. "देवानंच हिच्या हातून लिहून घेतलं. हिला कळलंच न्हाई बिचारीला."

टाळ्या पडल्या. बदलीवाला तर मॅडमच्याच पाया पडायला धावला. इतकी बिनडोक गर्दी मी नाटकातसुद्धा पाहिली नव्हती.

द्वारकाबाईनं तेवढं विचारलं, "पोरी, त्या राजाला शेवटी कुणी दिसलं का?"

मॅडमनी वही मिटली. "नाही मावशी. कुणीच नाही."

ती उठली. चाचपडत माझ्यापर्यंत आली, मला खिळ्यावरून उपसलं आणि फरशीवर आपटलं. "याच्यापायी मला त्यांचा फोटोबी दिसंना झाला!"

अडवायची कुणाची छाती झाली नाही.

दोनच दिवसांत काकासाहेबानं स्टीलचा नवा चेहरा टांगला. गर्दी तेवढीच. मी वाकलेल्या किरणांनिशी शेडच्या भिंतीला, फाटकाजवळ टेकून पडलोय. शेजारी रोज द्वारकाबाई येऊन बसते आणि येणाऱ्या बायांना थांबवते. "जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, मधली नजर परत न्हाई यायची. आत जायच्या आधी माझ्या डोळ्यांत बघ."

काल तिघी आल्या. दोघी तिला ओलांडून आत गेल्या. तिसरी वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि आल्या जीपनं परत गेली.

कधी या बाजूला आलात, तर माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा. ती मान तिरकी करून तुमच्याकडे बघेल. तिला आता कडेनंच दिसतं.